भ्रंशाची लांबी आणि भूकंपाचे मॅग्निट्यूड

भ्रंशाची, म्हणजे भूकवचातल्या ज्या तड्याच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात त्याची, लांबी मोजली की त्यावरच्या सर्वांत मोठ्या भूकंपाचा अंदाज बांधता येतो, असे म्हटले जाते. एकट्या भ्रंशापुरते ते मान्य. मात्र भेग (भूकंपाच्या वेळी भ्रंशावरून पुढे पसरत जाणारी फाट) भ्रंशाच्या टोकाशी येऊन थांबेल हे त्यात गृहीत धरलेले असते आणि खरी मेख तिथेच आहे. कॅलिफोर्नियात १९९२ साली लँडर्सच्या ७.३ मॅग्निट्यूडच्या भूकंपात नकाशावर स्वतंत्र दाखवलेले पाच भ्रंश एकापाठोपाठ फाटले. न्यूझीलंडमधल्या २०१६ च्या कैकोउरा भूकंपात तर डझनाहून अधिक भ्रंश दोनेक मिनिटांत सरकले.

म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या भूकंपांची शक्यता वर्तवणाऱ्या तिसऱ्या एकत्रित प्रारूपात (UCERF3) भेग ५ किलोमीटरपर्यंतचे अंतर ओलांडून शेजारच्या भ्रंशावर जाऊ शकते, असे धरले गेले. त्यामुळे त्यानंतरच्या ३० वर्षांत कॅलिफोर्नियात ८ किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची शक्यता सुमारे ४.७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर गेली, उलट ६.७ च्या आसपासचा भूकंप, जो आधीच्या हिशेबात सरासरी ४.८ वर्षांनी अपेक्षित होता, तो ६.३ वर्षांनी अपेक्षित ठरला. हे वरवर उफराटे वाटते (मलाही आधी वाटले होते), पण भ्रंशाच्या दोन बाजू दरवर्षी एकमेकींच्या सापेक्ष किती मिलिमीटर सरकायला हव्यात, हा आकडा भूगर्भीय निरीक्षणांनी बांधलेला असतो, आणि त्यातला मोठा वाटा क्वचित होणाऱ्या महाभूकंपांच्या खाती मांडला की मध्यम भूकंपांसाठी तेवढे सरकणे उरतच नाही.