धूम्रपान: ख्रिस्ती माणसासाठी पाप की नुसती वाईट सवय?

मोहरीचा दाणा
बायबलमध्ये तंबाखूचं नाव नाही, कारण अमेरिकेबाहेरच्या जगाला ती कळली तीच १४९२ नंतर. त्यामुळे "कुठे लिहिलंय ते दाखवा" म्हणून विषय संपत नाही. माझं मत स्पष्ट आहे: धोका ठाऊक असून, सोडायचा विचारही न करता ओढत राहणं हे पाप आहे. मात्र 'शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर' (करिंथकरांस पहिलं पत्र, म्हणजे १ करिंथ ६:१९) हे वचन मी त्यासाठी पुढे करणार नाही. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल जारकर्माबद्दल बोलतोय, आणि ओढणारे ते लगेच दाखवून देतात. त्याच अध्यायातलं बारावं वचन जास्त नेमकं आहे: मला सगळ्याची मोकळीक आहे, पण मी कशाच्याही अधीन होणार नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला सिगारेट पेटवावीच लागते, तो अधीन झालेला आहे.

अंजिराखाली
अधीनता हाच निकष असेल तर कॉफीवाचून ज्यांचं डोकं ठणकतं तेही पापी ठरतील. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळत नाही, आतून निघणारं विटाळतं. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहासही बघा. पोप आठवे अर्बन यांनी १६४२ मध्ये सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखू वापरणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा ठरवली, ती पवित्र जागेचा मान राखण्यासाठी. सेंट पीटर बॅसिलिकेतली तशीच बंदी १७२५ मध्ये तेराव्या बेनेडिक्टांनी उठवली. उठवता येते ती शिस्त. देवाची आज्ञा कोणी उठवू शकत नाही. १८७४ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकलमध्ये एका पाहुण्या उपदेशकाने सिगारला पाप म्हटलं, तेव्हा तिथले प्रसिद्ध पाळक चार्ल्स स्पर्जन यांनी तिथेच उठून सांगितलं की आज रात्री मी देवाच्या गौरवासाठी सिगार ओढेन. शास्त्र गप्प आहे तिथे नवी आज्ञा घुसवणं मला धूम्रपानापेक्षा घातक वाटतं.

मोहरीचा दाणा
मार्क ७ मधला वाद हात न धुता जेवण्याचा आहे. त्यावरून विष पचवायची परवानगी निघत नाही. आणि स्पर्जन यांच्या काळी फुप्फुसाच्या कर्करोगाशी सिगारेटचं नातं सिद्ध झालं नव्हतं. ते पुरावे १९५० च्या सुमारास आले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसं मरतात, त्यांत दहा लाखांहून अधिक स्वतः न ओढणारी असतात. कॉफीचा धूर शेजारच्याच्या छातीत जात नाही. बंद खोलीत बाळ असताना ओढणं हा तर शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचा उघड भंग आहे, तिथे मी तसूभरही हटणार नाही.

सांजघंटा
कॅथलिक शिकवणीत यावर सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२९० व्या परिच्छेदात अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधं यांचा अतिरेक टाळायला सांगितलंय. महापापासाठी तीन अटी लागतात: बाब गंभीर, तिची पूर्ण जाणीव आणि मनापासून संमती. जडलेल्या सवयीने जबाबदारी कमी होऊ शकते, हे १७३५ व्या परिच्छेदात आहे. झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि दिवसातून शेकडो वेळा हे घडतं. अशा माणसाची संमती किती मोकळी, हे बाहेरच्याने ठरवू नये.

दुसरा मैल
पाप म्हणा किंवा म्हणू नका, पुढे काय करायचं ते तरी सांगा. बऱ्याच मंडळ्यांत डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते, माणूस पाकीट फेकतो, आणि तिसऱ्या दिवशी कोसळतो. तलफ, चिडचिड आणि झोपमोड पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरते. हे आधी कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून तो समजतो की आपला विश्वासच खोटा होता, आणि उपासनेला येणं बंद करतो.

निकोटिनचं च्युइंगम घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू अंतर वाढवायचं. लोक चुकतात ते चघळण्यात. साध्या च्युइंगमसारखं सतत चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या आणि जळजळ होते, तलफ मात्र तशीच राहते. सावकाश चावायचं, तिखट झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं, ती गेली की पुन्हा चावायचं. असं साधारण अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना कॉफी किंवा फळांचा रस नको, आंबटपणाने निकोटिन शोषलं जात नाही. गरोदरपणात किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

अंजिराखाली
बाळाच्या खोलीचा मुद्दा मान्य, तिथे प्रीतीचाच प्रश्न आहे. पण मग शिस्तीत काय करणार? प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून, अडवणार? १ करिंथ ११:२८ प्रमाणे प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करायची आहे, दाराशी तोंडाचा वास घेणारा नेमायचा नाही. साल्वेशन आर्मी हा ख्रिस्ती पंथ आपल्या सैनिकांकडून, म्हणजे सभासदांकडून, तंबाखू सोडण्याचं वचन घेते, सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोकही ती वर्ज्य मानतात. तो त्यांचा उघड करार आहे, आत येणाऱ्याला आधीच माहीत असतो. बाकीच्या मंडळ्यांनी न सांगितलेला नियम कुजबुजीने लादू नये.

मोहरीचा दाणा
प्रभुभोजनापासून मीही अडवणार नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलपदाचं मात्र वेगळं आहे. १ तीमथ्य ३ मध्ये अध्यक्ष, म्हणजे असाच वडील, निर्दोष आणि नेमस्त असावा असं आहे. उपासनेच्या मध्येच बाहेर जाऊन ओढून येणाऱ्याला मी त्या पदासाठी मत देणार नाही, आणि नकाराचं कारण त्याच्या तोंडावर सांगेन.