मदत हवी आहे: पावसाळी हवेत टिकेल असं घरगुती गिफ्ट पॅकिंग

वाडीतली_लेक

नमस्कार मंडळी,

श्रावणात, नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आईची पंचाहत्तरी करतोय, गुहागरला घरीच. सकाळी पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, दुपारी पंगत, आणि चारनंतर मंडळी परतीला लागतील. येणाऱ्या प्रत्येक घराच्या हातात काहीतरी द्यायचं आहे. चाळीसेक घरं होतील. वस्तू ठरल्या आहेत: घरच्या कोकमाच्या आगळाची अर्ध्या लिटरची बाटली आणि नारळाच्या वड्यांचा छोटा पुठ्ठ्याचा डबा. शिवाय आईसाठी आम्ही भावंडांनी घेतलेली साडी आणि जुन्या फोटोंचं बांधून घेतलेलं पुस्तक आहे, ते वेगळं.

अडलंय ते पॅकिंगवर. बाजारातला चकचकीत कागद मला नको आहे. आईला मिळालेल्या प्रत्येक भेटीचा कागद तिने नखाने टेप सोडवून, घडी घालून गादीखाली ठेवलाय. रक्षाबंधनाला, वाढदिवसाला त्यातलाच कागद पुन्हा निघायचा. तिच्याच कार्याला एकदा फाडून मागच्या परड्यात जाळायचं काहीतरी वापरावं, हे मनाला पटत नाही.

पण इथली हवा तुम्हाला माहीत आहे. कागद दोन दिवसांत नरम पडतो, सेलोटेप कडेने उचलली जाते, खळ लावावी तर बुरशी धरते. बाटली गोल, डबा चौकोनी, दोन्ही एकत्र कसं बांधावं ते सुचत नाही. अर्धी मंडळी एसटीने चिपळूण स्टेशनला जाऊन पुढे रेल्वे धरणार, म्हणजे हातात छत्री, पाठीवर बॅग आणि वर हे.

घरात सुंभ आहे, केळीची सोपटं (बुंध्याचे वाळलेले पापुद्रे) आहेत, माळ्यावर उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या पोफळीच्या विऱ्या (सुपारीच्या पानाच्या देठाकडचे रुंद, जाड पापुद्रे) आहेत, शाळेच्या कव्हरांचा उरलेला खाकी कागद आहे. करणारे हात म्हणजे मी, वहिनी आणि दोन मुलं. घरटी वीस-पंचवीस रुपयांपलीकडे जायचं नाही. काय करता येईल?

खाडीपल्याड

ताई, चिकटवायचं सोडा, बांधायचं बघा. पावसात गाठ टिकते, गोंद टिकत नाही.

शिवणटिपण

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. कापड घ्या, आणि कापडही विकत घेऊ नका. आईंच्या जुन्या सुती साड्या असतील ना?

हिशोब सांगते. साडीचा पन्हा साधारण ११० सेंमी, लांबी साडेपाच मीटर. पन्ह्यात ५५ सेंमीचे दोन तुकडे बसतात आणि लांबीत दहा, म्हणजे एका साडीचे वीस चौकोन. दोन साड्यांत तुमची चाळीस घरं झाली. कात्री फक्त सुरुवातीला काठावर लावा, पुढे हाताने फाडा, म्हणजे धाग्यावर सरळ फाटतं. कडांचे दोन-तीन धागे ओढून काढले की बारीक झालर दिसते, शिवायची गरज नाही. बसण्याच्या जागी विरलेला भाग असतो, तो आधी उजेडात धरून बघा आणि वगळा.

बाटली अशी बांधायची: कापडाचा एक कोपरा स्वतःकडे येईल असं पसरा, बाटली मधोमध उभी ठेवा. आपल्याकडचा आणि समोरचा, हे दोन कोपरे वर घेऊन झाकणावर गाठ मारा. उरलेली उजवी-डावी टोकं बाटलीच्या मागे नेऊन एकमेकांवरून फिरवा, पुढे आणा आणि पोटावर बांधा. अर्ध्या लिटरच्या बाटलीला ५५ सेंमीचं कापड बरोबर पुरतं, गाठीला वर चार बोटं उरतात.

गाठ मारताना एकदा उजवं टोक डाव्यावर घ्या, दुसऱ्यांदा डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं तर गाठ आडवी फिरते आणि सुटते. बरोबर पडली तर सपाट बसते, टोकं दोन्ही बाजूंना पंखांसारखी उभी राहतात आणि ओढलं तरी हलत नाही. जपानमध्ये अशाच चौकोनी कापडाला फुरोशिकी म्हणतात. तिथला अंदाज असा की कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट असावा. दुसऱ्या कुठल्या वस्तूला हे करायचं झालं तर तो धरून चालता येतं. आपल्याकडे गाठोडं आणि पुरचुंडी बांधणाऱ्या बायकांना हे सूत्र कुणी शिकवलं नव्हतं, पण हात तिथेच जात.

सोनटक्का

कल्पना छान आहे, पण एक विचार मांडते. शुभकार्यात वापरलेलं कापड हातात दिलेलं काही जणांना चालत नाही. आमच्याकडे मोठी माणसं नक्की बोलली असती. ओटीत आलेले ब्लाऊजपीस प्रत्येकीच्या कपाटात पडलेले असतात, ते कोरे असतात आणि मापालाही पुरतात. नाहीतर मांजरपाट आणा. दुकानदाराकडून आणल्यावर एकदा धुऊन खळ काढायला विसरू नका, कडक कापडाची गाठ घट्ट बसत नाही.

शिवणटिपण

सोनटक्का, मुद्दा योग्य आहे, आणि घरातल्या मोठ्यांना विचारूनच करावं. पण बाळाला पहिल्यांदा गुंडाळतात ते आजीच्या जुन्या लुगड्यात, आणि गोधडीही त्याचीच. पंचाहत्तरीला त्याच बाईच्या साडीचा तुकडा घरोघर जातोय, हा मला तर आशीर्वादच वाटतो. शेवटी त्यांच्या आईंना काय वाटतं ते महत्त्वाचं.

मालवणी_तिखट

सुंभ वापरतलात तर कोरडोच वापरा हां. भिजलो काय तपकिरी पाणी सोडता आणि पांढऱ्या कापडार डाग पडता, तो मागीर जाणा नाय. बाटलीक कापडाचीच गाठ बरी.

कागदी_होडी

वड्यांच्या डब्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

खाकी कागद आहे तर तोच वापरा, वह्यांना कव्हरं घातलेले हात आहेतच. माप असं घ्या: डबा समजा २० सेंमी लांब, १२ रुंद, ६ उंच. आडवा वेढा होतो ३६, त्यात एकमेकांवर चढायला ३ धरून ३९ सेंमी. दुसऱ्या बाजूला लांबी अधिक उंची अधिक थोडं, म्हणजे २८. दोन्ही टोकांना ४-४ सेंमी उरतात, अर्ध्या उंचीपेक्षा जरा जास्त. याहून मोठा कागद घेतला की टोकाला घड्यांचा ढीग होतो आणि मग टेप लागतेच. बरोबर मापात कापला तर टोकाच्या चार घड्या आत दुमडून वरून उभा-आडवा दोरा फिरवला की काम झालं.

दोऱ्यासाठी केळीची सोपटं आहेत, म्हणजे अर्धं काम झालंय. वाळलेलं सोपट पाण्यात थोडा वेळ बुडवा, नरम झालं की नखाने टोकाला चीर पाडून लांब पट्ट्या ओढा. फुलं माळायला काढतो तशाच, फक्त थोड्या रुंद. फडक्याने टिपून मगच कागदावर बांधा. ओलसर असताना वळतं तसं वळवून घ्या, वाळल्यावर तो आकार धरून बसतं. फिकट तपकिरी रंगाची ती तकाकी रिबिनीत नाही.

मुलांना ठशांवर बसवा. भेंडीचं देठाकडचं टोक आडवं कापलं की आयतं फूल मिळतं. फक्त पोस्टर कलर देऊ नका, पावसाचा थेंब पडला की ओघळतो. कापडावर वापरतात तो फॅब्रिक कलर द्या, वाळल्यावर पाण्याने जात नाही. नावाच्या चिठ्ठ्याही शाईने नकोत, मेणखडूने किंवा पेन्सिलने लिहा.

डहाणूकडची

ठशांऐवजी खाकी कागदावर पांढऱ्या रंगाने वारली काढता येईल. आमच्याकडे मुळात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, कागदावर मात्र पीठ पापुद्रा होऊन पडतं, तेव्हा रंगच घ्यावा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, सहा-सात वर्षांचं मूलही काढतं.

आजीचा_फडताळ

बाळा, आधी खाण्याचं बघ, मग दिसण्याचं. वड्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, आत वाफ धरली की दुसऱ्या दिवशी वास येतो. डब्याच्या आत बटर पेपर लाव. वर्तमानपत्र मुळीच नको, त्याची शाई अन्नाला लागते. केळीचं पान चुलीवर शेकून मऊ केलं की सुंदर वळतं, पण ते त्याच दिवशी खायचं असेल तर. प्रवासाला नको. आगळ मिठाचं असतं, पत्र्याचं झाकण खातं, तेव्हा झाकण प्लास्टिकचं बघ आणि बाटली उलटी धरून गळत नाही ना ते प्रत्येक बाटलीचं तपास. त्या लाल डागाने साडीचा तुकडाच काय, प्रवाशाची अख्खी बॅग जाईल.

खाडीपल्याड

चकचकीत कागदाबद्दल थोडं. मुठीत चुरगळून सोडा. पुन्हा उलगडला तर त्यात प्लास्टिक आहे, चुरगळलेला राहिला तर बहुतेक साधा कागद. १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईच्या डब्यांवर गुंडाळायचं प्लास्टिकही आहे. तेव्हा डब्यावर ती पारदर्शक फिल्म दुकानदार देत असेल तरी घेऊ नका.

वाडीतली_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला विचारलं. तिने काही न बोलता ट्रंक उघडली आणि दोन सुती साड्या काढून दिल्या, एक निळ्या चौकड्यांची आणि एक हिरवी बुट्ट्यांची. "यातल्या निळीचे तुकडे माहेरच्यांना दे" एवढंच म्हणाली. तेव्हा तो प्रश्न सुटला. आज सकाळी एका बाटलीला बांधून पाहिलं, शिवणटिपण ताईंनी सांगितली तशी गाठ बसली, झाकणाला धरून उचललं तरी सरकली नाही. डब्याला खाकी कागद आणि सोपट. मुलांनी भेंड्या आजच संपवल्या आहेत.

एकच राहिलं. आईसाठीच्या पुस्तकाला विरीचं वेष्टण करायचं मनात आहे. माळ्यावरची विरी भिजवून वळवली तर या हवेत वाळेल का? पुस्तकाला दमट लागायला नको.

सुपारीबाग

वाळेल, पण आत्ताच करायला घ्या, आदल्या दिवशी नको. विरी घासून धुवा, तास-दोन तास भिजवा, आतली गुळगुळीत बाजू पुस्तकाकडे ठेवून दोन फळ्यांमध्ये घडी दाबा, वर पाटा ठेवा. मात्र दाबताना आत पुस्तक नको, तेवढ्याच जाडीची वीट किंवा लाकडाचा तुकडा ठेवा. आकार आला की चुलीच्या वर टांगा, चूल नसेल तर पंख्याखाली, रोज बाजू पालटून. बोटाने ठोकल्यावर खडखडीत आवाज यायला हवा. मऊ ठप्प आवाज आला तर अजून ओल आहे, त्यात पुस्तक घातलंत तर रात्रीत बुरशी. पुस्तक आधी त्या साडीच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळा, मग विरीत घाला. कडांना सुईने भोकं पाडून झावळीचा हीर (पात्याची मधली काडी) टाचा, टाचणी नको, गंजते. आणि बकुळीचा वाळका वळेसर, म्हणजे गजरा, घरात असेल तर तो वरून बांधा, वाळला तरी वास राहतो.