मदत हवी आहे: थेट धान्यापासून पहिली बिअर करण्यासाठी साधी कृती कोणती?

नमस्कार. लंडनमधल्या माझ्या घरी मी आजवर मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) तयार अर्कापासून बिअर केली असून, आता भरडलेल्या मॉल्टपासून संपूर्ण प्रक्रिया स्वतः करण्याची मनापासून इच्छा आहे. लागर ही थंडीत आंबवायची बिअर मी बाजूला ठेवली आहे, कारण ती १०-१२ अंशांवर आंबवण्याची सोय माझ्याकडे नाही.

सध्या इंग्लिश बिटर या कडसर बिअरचा विचार आहे. १० लिटरसाठी २.२ किलो मॅरिस ऑटर हे फिके मॉल्ट पिशवीत घालून तासभर ६६ अंशांच्या पाण्यात ठेवायचे, नंतर तासाभराच्या उकळीत सुरुवातीला २० ग्रॅम आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी १५ ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) घालायचे आणि इंग्लिश एल (उबदार तापमानात आंबणारी बिअर) प्रकारच्या यीस्टने १९ अंशांच्या आसपास आंबवायचे. एकच मॉल्ट आणि एकच हॉप्स असल्यामुळे कोणती चव कशातून आली हे नीट कळेल, असे मला वाटते. तरीही रंग आणि गोडव्यासाठी १०० ग्रॅम क्रिस्टल मॉल्ट पहिल्याच वेळी घालावे का?

खरी काळजी पाण्याची आहे. इथले पाणी जड आहे, त्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि फिक्या मॉल्टमध्ये ते निष्प्रभ करण्याइतकी आम्लता नसल्यामुळे मॉल्ट-पाण्याच्या मिश्रणाचा पीएच ५.२ ते ५.६ या पट्ट्याच्या वर जाऊन हॉप्सचा कडवटपणा खरखरीत होण्याची भीती वाटते. अशा पाण्यात लॅक्टिक आम्ल मोजून घालणे बरे, की पोर्टरसारखी गडद, भाजलेल्या मॉल्टची कृतीच निवडणे अधिक शहाणपणाचे ठरेल? अनुभवी मंडळींनी कारणांसह सांगितल्यास आभारी राहीन.