हॅमच्या डांबाला मोबाईल टॉवरचा नियम कशाला? (बेळगाव, निपाणी, खानापूर)

चाळीसमीटर
हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं चालवायच्या रेडिओ संचाचा, परवाना दिल्लीचं डब्ल्यूपीसी (केंद्राचं बिनतारी खातं) देतं. कुठल्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात), किती पॉवरनं बोलायचं ते त्या कागदावर असतं. गच्चीवर अँटेनाचा डांब (खांब) किती उंच लावायचा, ते गावानं ठरवायचं: बेळगावात महापालिका आणि बुडा (नगरविकास प्राधिकरण), निपाणीत नगरपालिका, खानापुरात पट्टण पंचायत, खेड्यात ग्रामपंचायत, कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड. कर्नाटक राज्याचे २०१९ चे टॉवर नियम आहेत, पण ते दूरसंचार कंपन्यांच्या टॉवरसाठी. दीड इंची पाईपवर अँटेनाची तार बांधणाऱ्या माणसाला तेच लावायचे म्हणजे सायकलला ट्रकचं परमिट.

माझं म्हणणं एवढंच, की बांधकाम नियमात एक स्वतंत्र कलम घाला. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, लिफ्टची खोली इमारतीच्या उंचीत धरत नाहीत, तसा परवानाधारक हॅमचा डांबही धरू नये. जमिनीपासून टोक १८ मीटरपर्यंत असेल तर नुसती लेखी सूचना पुरे, सोबत परवान्याची प्रत आणि साधा नकाशा. त्यावर गेलात तर परवानगी. अमेरिकेत १९८५ साली एफसीसीनं (तिथल्या दूरसंचार आयोगानं) पीआरबी-१ हा आदेश काढून स्थानिक मंडळांना हेच सांगितलं होतं, की हॅमच्या अँटेनाला वाजवी जागा द्या, सरसकट बंदी नको.

स्लॅबवाला
पीआरबी-१ तिथलं, त्याचा आपल्याकडं काडीचा उपयोग नाही. आणि 'साधा नकाशा' म्हणजे काय हो? डांब पडतो तो रेडिओमुळं नाही, वाऱ्यामुळं पडतो. हिशेब करून बघा. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला तर आयएस ८७५ (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) च्या सूत्रानं (०.६ गुणिले वेगाचा वर्ग) दर चौरस मीटरला साधारण ९१० न्यूटन दाब येतो. यागीचं (जुन्या टीव्ही अँटेनासारख्या आडव्या दांड्यांच्या अँटेनाचं) क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, म्हणजे टोकाला ४६ किलोची ओढ. स्लॅबपासून ८ मीटरवर ती लागली तर तळाला साडेतीन हजार न्यूटन-मीटरच्या वर मोमेंट (उलथवणारा जोर) जातो, पाईपवरचा वारा वेगळाच. आणि हे सगळं कशात अडकवतात? साडेचार इंची विटेच्या कठड्यात, चार रावलप्लग मारून.

स्टेचा (डांबाला ताणून धरणाऱ्या तारेचा) हूक कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमच्या रेषेतच पाहिजे, कठड्यात कधीच नको. म्हणून माझ्या मते उंची कितीही असो, यागी असेल तर इंजिनिअरच्या सहीशिवाय सूचना घ्यायचीच नाही. नुसती तार असेल तर सोडा.

चाळीसमीटर
यागीला सही, मान्य. ओढ्याच्या काठानं चालणाऱ्याला पूल कशाला, तशी नुसत्या तारेला सही नको.

अनगोळची_गल्ली
उंचीवर सगळे भांडताहेत, रुंदीचं कुणी बोलत नाही. आपल्याकडं साईट (प्लॉट) ३० बाय ४० फुटांची, म्हणजे ९.१ मीटर रुंद. २० मीटर बँडच्या तीन एलिमेंटच्या (दांड्यांच्या) यागीचा मागचा एलिमेंट साडेदहा मीटरच्या आसपास असतो. डांब बरोबर मध्यभागी लावला तरी दोन्ही शेजाऱ्यांवर सत्तर-सत्तर सेंटिमीटर अॅल्युमिनियम लोंबणार, आणि रोटेटर (अँटेना वळवणारी मोटर) फिरवला की ते मागं-पुढंही सरकणार. खाली शेजारणीच्या वाळवणाच्या दोऱ्या. १८ मीटरचं कलम उद्या झालं, तरी शेजाऱ्याच्या हद्दीवर टांगायचा हक्क त्यातून मिळत नाही. म्हणून कलमात 'फिरण्याची त्रिज्या स्वतःच्या हद्दीत' हे वाक्य नसेल तर विरोध.

आणि खरं सांगा, गल्लीत यागी पाहिजेच कशाला? ७.१ मेगाहर्ट्‌झचा डायपोल (मधोमध जोडलेली साधी तार) २० मीटर लांब, एका बाजूला १० मीटर, १० मीटर उंचीवर उलट्या व्ही-सारखा बांधला की सिग्नल वर चढून परत खाली येतो. पुणे, हुबळी, बेंगळुरू आरामात मिळतात. त्याला एक डांब आणि दोन नायलॉनच्या दोऱ्या पुरतात.

चाळीसमीटर
@अनगोळची_गल्ली पुण्याला पुरतं, जपानला नाही. लांबचं बोलायचं तर अँटेना निदान अर्ध्या तरंगलांबीवर पाहिजे. १४ मेगाहर्ट्‌झला ते १०.५ मीटर येतं, ७ ला २१. म्हणूनच १८ म्हटलं. २१ मागितलं असतं तर तुम्ही धागाच बंद केला असता. हद्दीचं वाक्य मात्र घाला. दोन एलिमेंटचा हेक्सबीम (आटोपशीर षटकोनी अँटेना) घेतला की त्रिज्या सव्वातीन मीटरवर येते, ३० फुटी साईटवर सहज बसतो.

सांबरा_साईड
तुमच्या १८ मीटरला विमानतळाच्या बाजूला अर्थ नाही. सांबऱ्याची (बेळगाव विमानतळाची) धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ७५८ मीटरवर. चार किलोमीटरच्या आत धावपट्टीच्या वर उंचीची मर्यादा ४५ मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून ८०३. पण धावपट्टीच्या रेषेत आलात तर अॅप्रोचचा (विमान उतरण्याच्या वाटेचा) उतार ५० मीटरला १ मीटर. टोकापलीकडं ६० मीटरवर तो सुरू होतो आणि तिथून एक किलोमीटरवर जेमतेम २० मीटर उंची मिळते. जमीन धावपट्टीपेक्षा ५ मीटर वर असेल तर उरले १५. त्यामुळं मंडळ कुठलंही असो, विमानतळ प्राधिकरणाच्या नोकास (उंचीची ना-हरकत देणाऱ्या) पोर्टलवर आधी अर्ज.

फसतं कुठं? पोर्टल टोकाची उंची समुद्रसपाटीपासून मागतं, लोक जमिनीपासूनची टाकतात. दुसरं, अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदात द्यायचे असतात. मोबाईलवरचे दशांश तसेच चिकटवले की साईट भलत्याच शेतात दिसते.

जांभ्याचा_दगड
खानापूरकडं जागा भरपूर, शेजारी लांब, ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीच्या ऑनलाईन मालमत्ता नोंदीचा) उतारा हातात असला की पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) फार विचारत नाही. इथं धोका हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तारेचा आहे, आणि तो कुठल्याच मसुद्यात नाही. ११ केव्ही लाईनपासून आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर हा इमारतीचा नियम. डांबाला तो अपुरा आहे, कारण डांब आडवा होतो. डांबाची पूर्ण लांबी, अधिक अँटेनाची अर्धी लांबी, एवढ्या घेरात उघडी तार नको. उभा करतानाच माणसं मरतात, वादळात नंतर.

दुसरं अर्थिंग. आमच्या जांभ्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही, एका रॉडनं काही होत नाही. दोन-तीन रॉड रॉडच्या लांबीएवढं अंतर ठेवून मारायचे आणि जाड पट्टीनं जोडायचे. तिकडं पूर्वेला काळ्या मातीत अर्थ छान मिळतो, पण पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पाया डांबासकट कलतो. कुठंही असा, डांबाचं अर्थ घराच्या अर्थशी जोडलंच पाहिजे. वेगळं ठेवलं की एप्रिल-मेच्या वळवात वीज दोन अर्थमधल्या फरकानं कोअॅक्समधून (अँटेनाच्या केबलमधून) सेटमध्ये येते. 'वेगळं अर्थ म्हणजे सुरक्षित' हे मिस्त्री लोकांचं आवडतं चुकीचं मत.

स्लॅबवाला
याला पाठिंबा. स्टेबद्दल एक राहिलं. बुलडॉग क्लॅम्प (तारेचं दुमडलेलं टोक धरणारे) उलटे बसवतात. खोगीर ताणाच्या तारेवर बसलं पाहिजे, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट केलं की बोल्ट ताणाची तारच चिरडतो. प्रत्येक टोकाला तीन, तिन्ही एकाच दिशेनं. टर्नबकलला (तार ताणायच्या स्क्रूला) बांधणीची तार नसेल तर वाऱ्याच्या थरथरीनं तो आपोआप सुटत जातो. आणि दोन इंची पाईपमध्ये दीड इंची घालणाऱ्यांनो, बी क्लासमध्ये (मध्यम जाडीच्या पाईपात) आतला व्यास ५३ मिलीमीटर, आतल्या पाईपचा बाहेरचा ४८. पाच मिलीमीटर फट राहते. पत्र्याची पट्टी न घालता नुसता बोल्ट मारलात तर टोक डुलणार.

कलमविरोधी
एवढं सगळं कलमात घालणार? मग ते कलम नाही, पुस्तक झालं. आज कुणी विचारत नाही, म्हणून लोक गुपचूप १० मीटरचा काढता डांब लावतात. कलम आलं की फी येईल, वार्षिक नूतनीकरण येईल, तपासणीला माणूस येईल. कशाला झोपलेल्याला उठवता?

चाळीसमीटर
गुपचूप लावलेल्या डांबाविरुद्ध शेजाऱ्यानं अर्ज केला, की दाखवायला हातात काही नसतं. 'काढता' असला तरी नोटीस येतेच.

कलमविरोधी
मग निदान अर्ज नीट लिहा. कन्नडात लिहिताना 'टवर' हा शब्द टाळा, 'कंब' लिहा. टवर वाचला की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर मोबाईलचाच उभा राहतो.

अनगोळची_गल्ली
शब्द बदलून शेजारी फसेल होय? गल्लीत सगळ्यांना कन्नड येतंय की.

चाळीसमीटर
सुधारित मसुदा: १८ मीटरपर्यंत सूचना, यागीला इंजिनिअरची सही, फिरण्याची त्रिज्या हद्दीत, पडण्याच्या घेरात उघडी वीजतार नाही, सांबऱ्याच्या घेरात नोकासची प्रत सोबत. अर्थिंग आणि क्लॅम्प कलमात नकोत, इंजिनिअरच्या तपासयादीत जातील. ३० बाय ४० च्या साईटवर स्टेचे तीन खुंट कुठं मारायचे, यावर अजून कुणी बोललेलं नाही. डांबाच्या उंचीच्या साठ टक्के अंतर लागतं. ८ मीटरच्या डांबाला ४.८, आणि मध्यापासून भिंत साडेचार मीटरवर.