तिवराच्या पानांवरील क्षारग्रंथी : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने तयार करण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी रत्नागिरीजवळच्या खाडीतील तिवराच्या (ॲव्हिसेनिया मरिना, एक खारफुटी) पानांवरील क्षारग्रंथींचा, म्हणजे जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचा, अभ्यास करत आहे. पानाचे लहान तुकडे 0.1 मोलर फॉस्फेट बफरमधील (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातील) 2.5 टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (पेशींची रचना टिकवणाऱ्या रसायनात) 4 अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवून, मग इथेनॉलची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवत त्यांतील पाणी काढायचे, क्रिटिकल पॉइंट ड्रायरमध्ये (नमुना आकसू न देता सुकवणाऱ्या यंत्रात) सुकवायचे आणि सोन्याचा लेप द्यायचा, अशी माझी सध्याची पद्धत आहे.

पानाच्या वरच्या बाजूच्या ग्रंथी खळग्यांत स्वच्छ दिसतात. परंतु स्रावी पेशींवरचे क्यूटिकल (मेणचट बाह्य आवरण), ज्याच्याखाली खारा स्राव साठतो, ते हवा गेलेल्या फुग्यासारखे आत बसलेले आढळते. समुद्राच्या पाण्याची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता) सुमारे 1000 मिलिऑस्मोल असते आणि त्यातून पाणी ओढून घेणाऱ्या या झाडाचा पेशीरस त्याहून तीव्र असतो. त्यामानाने माझा बफर फारच सौम्य असल्याने पेशी आधी फुगून मग ढेपाळत असाव्यात, असे मला वाटते. बफरमध्ये सुक्रोज घालून ही तफावत कोणी भरून काढली आहे का, आणि किती प्रमाणात? खालच्या बाजूच्या ग्रंथी दाट लवेखाली झाकलेल्या असतात; चिकटपट्टीने लव काढताना बाह्यत्वचा फाटू नये, यासाठी काय करावे?

ग्रंथींतून बाहेर पडलेल्या मिठाच्या स्फटिकांसाठी नमुन्यांचा वेगळा संच करणे मला अपरिहार्य वाटते, कारण पाण्यातल्या कोणत्याही द्रावणात ते विरघळणारच. शिवाय फॉस्फेट आणि पानातील कॅल्शियम यांचा साका बसला, तर त्याचे कण स्रावाचे म्हणून मोजले जाण्याचा धोका आहे. फॉस्फेटऐवजी कॅकोडिलेट बफर घ्यावा, तर त्यातील आर्सेनिक विषारी असून क्ष-किरण विश्लेषणात त्याची रेषा मॅग्नेशियमच्या रेषेला खेटून येते. म्हणून या संचातली पाने न धुता, कोणत्याही द्रावणात न बुडवता सुकवून त्यांना कार्बनचा लेप द्यावा, असा विचार आहे. मात्र सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या पुढे गेली की मिठाला पाणी सुटते, आणि कोकणात तर ती बहुतेक वेळा तशीच असते. खाडीपासून प्रयोगशाळेपर्यंत सिलिका जेलच्या बंद डबीत पाने आणणे पुरेसे होईल का, की स्फटिकांची मूळ जागा टिकवण्यासाठी क्रायो-सेमशिवाय (नमुना गोठवून पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय) गत्यंतर नाही?