उंदराचे तोंड पुसणे आणि मुलाची बोटे हलवणे: ऑटिझमच्या संशोधनातील प्राणी-प्रतिरूपे कशी समजून घ्यावीत?

पारिजात

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तो चार वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले. दोन्ही हातांची बोटे उजेडात डोळ्यांसमोर धरून तो ती एका ठरावीक लयीत हलवत राहतो, आणि झोपण्यापूर्वी खोलीचे दार तीन वेळा उघडून बंद केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. गेल्या आठवड्यात एका लेखात असे वाचले की उंदरांमधील "ऑटिझमसारखे पुनरावर्ती वर्तन" एका औषधामुळे कमी झाले. सोबतच्या चित्रफितीत एक उंदीर पुढच्या पंजांनी सारखे तोंड पुसत होता. ती चित्रफीत मी तीन-चार वेळा पाहिली, पण त्या उंदराचा आणि माझ्या मुलाच्या बोटांचा धागा कुठे जुळतो हे काही उमगले नाही. उंदरांना ऑटिझम होतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे का? आणि उंदराचे वर्तन बदलले म्हणून आम्ही पालकांनी आशा धरावी का? या विषयाची माहिती असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चेतातंतू

मी काही वर्षे वर्तन-प्रयोगशाळेत अशाच चित्रफिती पाहून मोजणी करण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

उंदराला ऑटिझम होतो असे जबाबदार संशोधक म्हणत नाहीत. ऑटिझमचे निदान माणसाच्या संवादावरून, वागण्यावरून आणि त्याच्या वाढीच्या इतिहासावरून केले जाते. उंदरावर करून पाहता येईल अशी रक्ताची किंवा मेंदूच्या प्रतिमेची कोणतीही निदान-चाचणी अस्तित्वात नाही. प्राणी-प्रतिरूप म्हणजे एखादा मर्यादित प्रश्न विचारता यावा म्हणून निवडलेला किंवा तयार केलेला प्राणी. पुनरावर्ती वर्तनाच्या बाबतीत तो प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: एकदा सुरू झालेली हालचाल थांबवण्याचे काम मेंदूतील कोणती जोडणी करते, आणि ती जोडणी बिघडली तर काय होते?

याचे सर्वांत परिचित उदाहरण शँक-३ या जनुकाचे आहे. हे जनुक चेतापेशींच्या सांध्यावरील संदेश घेणारी बाजू उभी करणारे एक प्रथिन बनवते. ऑटिझम असलेल्या व्यक्तींपैकी साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी जणांत या जनुकातील बदल आढळतो, पण ज्यांच्यात आढळतो त्यांच्या बाबतीत कारण बऱ्यापैकी स्पष्ट असते. 2011 साली ग्वोपिंग फेंग यांच्या प्रयोगशाळेने या जनुकात बिघाड केलेले उंदीर तयार केले, तेव्हा ते उंदीर स्वतःचे अंग इतके साफ करत की मानेवर आणि चेहऱ्यावर जखमा होत. दोष दिसला तो स्ट्रायटम या मेंदूच्या खोल भागात, जिथे मेंदूच्या बाह्य थराकडून आलेले संदेश पोहोचतात आणि कोणती हालचाल पुढे जाऊ द्यायची व कोणती रोखायची हे ठरण्यास मदत होते. 2016 साली त्याच प्रयोगशाळेने प्रौढ उंदरांत हे जनुक पुन्हा सुरू केले, तेव्हा अतिरेकी अंगसफाई कमी झाली आणि इतर उंदरांत मिसळणेही सुधारले. मात्र भीती आणि हालचालींतील समन्वय सुधारला नाही. एकाच जनुकाचे काही परिणाम उशिराही परतवता येतात आणि काहींसाठी वेळ निघून गेलेली असते, ही माहिती माणसांवर प्रयोग करून मिळवता आली नसती.

आता तुम्ही पाहिलेल्या चित्रफितीविषयी. उंदराला रिकाम्या पिंजऱ्यात एकटे ठेवतात, पहिली दहा मिनिटे रुळू देतात आणि पुढच्या दहा मिनिटांत त्याने किती सेकंद अंग साफ केले ते मोजतात. कोणता उंदीर कोणत्या गटातला हे मोजणाऱ्याला सांगितलेले नसते. निरोगी उंदीरही ठरलेल्या क्रमानेच अंग साफ करतो: आधी नाकाजवळ पंजांचे लहान, झरझर फेरे, मग संपूर्ण चेहरा, मग कानांमागून मोठे फेरे आणि शेवटी मान वळवून अंग चाटणे. हे वर्तन उंदराचे स्वाभाविक आहे, वाढते ते त्याचे प्रमाण. त्यामुळे "सेकंद कमी झाले" एवढेच त्या आकड्यातून कळते, आणि त्याहून मोठा अर्थ काढताना पुष्कळ सावधगिरी बाळगावी लागते.

मनोवेध

मी मुलांच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. वरच्या प्रतिसादाला एक आवश्यक जोड देते, कारण आशा धरावी का हा प्रश्न मला पालकांकडून वारंवार ऐकावा लागतो.

2007 साली सॅपॅप-३ नावाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेही चेहऱ्यावर जखमा होईपर्यंत अंग साफ करत, आणि सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनावर काम करणाऱ्या फ्लुओक्सेटिन या औषधाने त्यांचे हे वर्तन कमी झाले. हे प्रतिरूप मुळात मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, अभ्यासासाठी मांडलेले होते. मात्र त्याच वर्गातील सिटॅलोप्रॅम हे औषध ऑटिझम असलेल्या 149 मुलांच्या चाचणीत वापरले गेले, तेव्हा बारा आठवड्यांनंतर पुनरावर्ती वर्तनात ते आणि औषध नसलेली गोळी यांत फरक आढळला नाही. सुधारणा दोन्ही गटांत साधारण तिघांपैकी एका मुलात दिसली. उलट औषध घेणाऱ्या मुलांत अस्वस्थपणा आणि झोपेच्या तक्रारी अधिक होत्या. ही चाचणी 2009 साली प्रसिद्ध झाली. एका आजाराच्या प्रतिरूपात दिसलेला गुण दुसऱ्या अवस्थेतील मुलांत तसाच दिसेल असे गृहीत धरता येत नाही, हे मी या दोन अभ्यासांवरून पालकांना समजावून सांगते.

मी_स्वतः

मी ऑटिझम असलेली प्रौढ व्यक्ती आहे. मी आजही बोटे हलवतो. गोंगाट वाढला किंवा फार आनंद झाला की हात आपोआप सुरू होतात, आणि त्यामुळे मला स्थिर वाटते. जखम होईपर्यंत अंग खाजवणारा उंदीर पाहून मला त्याची काळजी वाटते, आणि ज्या मुलांचे वर्तन स्वतःला इजा करण्यापर्यंत जाते त्यांच्यासाठी हे संशोधन व्हावे असे मला मनापासून वाटते. पण उजेडात बोटे पाहणाऱ्या मुलाचे वर्तन त्याच मापाने मोजून "कमी करायचे" ठरवले, तर त्याला त्यातून काय मिळते हा प्रश्न कोणी विचारणारच नाही. उंदराला तो विचारता येत नाही; तुमच्या मुलाला, त्याच्या पद्धतीने, विचारता येईल.

पारिजात

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. "मी_स्वतः" यांचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. एक शंका उरते: दार तीन वेळा उघडण्याचा हट्ट हा बोटे हलवण्यापेक्षा वेगळा वाटतो. त्याचा अभ्यास प्राण्यांत होऊ शकतो का?

चेतातंतू

तुमचे निरीक्षण अचूक आहे. शारीरिक हालचालींची पुनरावृत्ती आणि सारखेपणाचा आग्रह हे पुनरावर्ती वर्तनाचे दोन वेगळे प्रकार मानले जातात, आणि दुसऱ्याचा अभ्यास प्राण्यांत फार कठीण आहे. त्यासाठी टी आकाराच्या मार्गिकेत उंदराला डाव्या बाजूला खाऊ मिळतो हे शिकवतात आणि मग तो उजवीकडे ठेवतात. जुनी सवय सोडायला किती फेऱ्या लागतात ते पाहतात. याला दाराच्या हट्टाचे प्रतिरूप म्हणणे मला स्वतःला थोडे धाडसाचेच वाटते, कारण बदलामुळे मुलाला होणारा त्रास त्यात कुठेच मोजला जात नाही.

आणखी एक बाब पिंजऱ्याची. डिअर माइस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जंगली उंदरांना साध्या, रिकाम्या पिंजऱ्यात वाढवले की त्यांतील बरेच उंदीर तासन्‌तास उभ्या उड्या किंवा मागे कोलांट्या मारत राहतात. मोठा पिंजरा, बोगदे, चाक आणि लपायला जागा दिली की हे प्रमाण कमी होते. म्हणून कोणताही निष्कर्ष वाचताना प्राणी कसा ठेवला होता हे मी आधी पाहतो. औषधाच्या अभ्यासात दुसरी गोष्ट पाहतो ती अशी की औषधाने उंदराची एकूण हालचालच मंदावली होती का, कारण गुंगी आलेला उंदीर तोंडही कमीच पुसणार.

पारिजात

लेख पुन्हा वाचला. पिंजऱ्याचा उल्लेख नाही आणि एकूण हालचालीविषयी एकही वाक्य नाही. मूळ शोधनिबंध मिळवून या दोन गोष्टी पाहते आणि इथेच लिहिते.