लिनक्समध्ये पार्टिशनचं (डिस्कच्या भागाचं) नाव आपोआप बदलतंय, काय करू?

कोथरूडकर: पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळून जुनी हार्डडिस्क आणून जोडली, आणि कालपर्यंत एसडीबी१ असलेलं पार्टिशन आज रीस्टार्ट केल्यावर एसडीसी१ झालं, एफएसटॅबमधली (बूट होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलमधली) ओळ गंडली आणि बूटच अडकलं राव.

पेठेतला: ती नावं डिस्क ज्या क्रमाने सापडतात तशी पडतात, डिस्कला चिकटलेली नसतात. ब्लकआयडी ही कमांड चालवा, यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक) मिळेल तो एफएसटॅबमध्ये टाका. सोबत नोफेल हा पर्याय पण लिहा, म्हणजे डिस्क काढली तरी बूट अडकणार नाही.

कोथरूडकर: केवढा लांबलचक आहे हो तो, लक्षात कसा ठेवायचा?

पेठेतला: ठेवायचा कशाला, कॉपी-पेस्ट करा की!

हडपसरवाला: नाहीतर यूयूआयडीऐवजी ईटूलेबल कमांडने लेबल (आपलं सोपं नाव) द्या, ईएक्सटी४ला (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) १६ बाइटपर्यंत चालतात, पण इंग्रजीत द्या, देवनागरी अक्षर ३-३ बाइट खातं. फक्त दोन डिस्कना एकच लेबल नको, मी केलाय तो घोळ.